रुग्णाची कैफियत

वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास जगात जवळजवळ सर्वत्र एकाच हाताने लिहिला गेला आहे, आणि तो हात रुग्णाचा नाही. दाखल केल्याची तारीख, लक्षणे, योजलेले उपचार, वागणुकीविषयीचे शेरे आणि अखेरीस सुटका किंवा मृत्यू एवढा मजकूर दफ्तरात व्यवस्थित नोंदलेला असतो. परंतु ज्याच्याविषयी हे सारे लिहिले त्याचे स्वतःचे म्हणणे काय होते, याचा मागमूस त्यात क्वचितच लागतो. न्यायासनासमोर उभ्या केलेल्या खुन्यालासुद्धा आपली कैफियत मांडण्याची मुभा असते. वेडा ठरविलेल्या मनुष्याला मात्र ती शतकानुशतके नव्हती, कारण एकदा तो शिक्का बसला की त्याची तक्रार हेच रोगाचे लक्षण आणि त्याचा संताप हाच रोगाचा पुरावा मानला जाई. ही हिरावलेली मुखत्यारी अशा माणसांनी परत कशी मिळवली, आणि ती मिळवण्याच्या कामी एका जित जमातीची कुलरीत व देवकथा कशा उपयोगी पडल्या, याचे बोधप्रद उदाहरण न्यूझीलंडच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात सापडते.

गोऱ्यांचा अंमल सुरू होण्यापूर्वी त्या बेटांवर राहणाऱ्या माओरी लोकांत मनाचा रोग आणि शरीराचा रोग असा भेद नव्हता. त्यांच्या समाजाची घडण कुटुंबविस्तार, कूळ आणि जमात अशी चढत्या पायऱ्यांची. ‘फानाउ’ या त्यांच्या कुटुंबात आजे-पणजे, चुलत-मावस भावंडे आणि दिवंगत पूर्वजही मोडत, आणि या सर्वांचे एकत्र येण्याचे स्थान म्हणजे गावचे ‘माराए’, म्हणजे पूर्वजाच्या देहाची कल्पना करून बांधलेले सभागृह आणि त्यापुढचे पटांगण. एखाद्याचे चित्त भ्रमिष्ट झाले, तर त्याने किंवा त्याच्या आप्तांनी कोणते ‘तापू’, म्हणजे कोणती पवित्र मर्यादा मोडली, कोणाचा शाप त्याला बाधला, कोणत्या पूर्वजाचे देणे राहिले, याचा शोध ‘तोहुंगा’ नामक जाणता पुरुष घेई. त्यासाठी तो रोग्याला जितके प्रश्न विचारी त्याहून अधिक त्याच्या नातलगांना विचारी, आणि मग मंत्रपठण, वाहत्या पाण्यात स्नान, अपराधाची कबुली, दुरावलेल्या आप्तांचा समेट असे उपाय योजी. या पद्धतीचे वैद्यकीय मूल्य काय, हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला, तरी दोन गोष्टी निर्विवाद आहेत: रोगी आपल्या माणसांतून उठवला जात नसे, आणि त्याने पाहिले-ऐकले ते खोटे, असे त्याला कोणी सांगत नसे. याउलट, शापाचा संशय ज्याच्यावर येई त्याची धडगत नसे, हेही तितकेच खरे आहे, आणि त्या जुन्या जगाचे कोडकौतुक करणाऱ्याने ते विसरता कामा नये.

१८४० साली वैतांगी येथे इंग्रज सरकार आणि माओरी सरदार यांच्यात तहनामा झाला, आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८४६ मध्ये, वेड्यांच्या बंदोबस्ताचा पहिला हुकूमनामा निघाला. आरंभी अशा माणसांना तुरुंगात, चोर आणि मद्यपी यांच्याच कोठड्यांत ठेवीत. १८५४ मध्ये वेलिंग्टनजवळ करोरी येथे त्यांच्यासाठी पहिली स्वतंत्र इमारत उभी राहिली, आणि मग डनेडिन, क्राइस्टचर्च, ऑकलंड, होकिटिका, सीक्लिफ, पोरिरुआ अशी ही मालिका शतकाअखेरपर्यंत वाढत गेली. आपल्याकडे नागपूर, रत्नागिरी आणि ठाणे येथील वेड्यांची इस्पितळे याच सुमारास स्थापन झाली, हे लक्षात घेतले म्हणजे साम्राज्याचा हा एकच शिरस्ता होता हे कळून येते. या इमारती प्रामुख्याने घरदार मागे सोडून आलेल्या गोऱ्या वसाहतकाऱ्यांसाठी होत्या. ज्याला सांभाळायला जवळचे कोणी नाही अशा एकाकी मनुष्याची सोय सरकारने करावी, हा त्यांतला मूळ हेतू होता, आणि तो सर्वथा निंद्य म्हणता येणार नाही. माओरी रुग्ण मात्र त्या काळी तेथे अगदी तुरळक आढळत, कारण त्यांचे आप्त त्यांना सोडायला तयार नसत.

मात्र माओरींच्या स्वतःच्या उपचारपद्धतीवर १९०७ मध्ये मोठा आघात झाला. त्या वर्षी संमत झालेल्या ‘तोहुंगा प्रतिबंधक’ कायद्याने अलौकिक सामर्थ्याच्या बतावणीने माओरी लोकांना नादी लावून रोग बरे करण्याचा वा भविष्य सांगण्याचा दावा करणाऱ्यास पंचवीस पौंडांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास बारा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद केली. या कायद्याचा रोख उरेवेरा डोंगरांतल्या मौंगापोहातू येथे आपला स्वतंत्र पंथ वसविणाऱ्या रुआ केनाना या पुढाऱ्यावर होता, हे उघड गुपित होते. परंतु हा केवळ गोऱ्यांचा जुलूम होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. हे विधेयक मांडणारे मंत्री जेम्स कॅरोल हे स्वतः माओरी मातेचे पुत्र होते. अपिराना न्गाटा यांच्यासारख्या माओरी लोकप्रतिनिधींनी आणि माउई पोमारे यांच्यासारख्या पाश्चात्त्य वैद्यकशास्त्र शिकून आलेल्या पहिल्या माओरी डॉक्टरांनी त्याचा कैवार घेतला. त्यांच्या डोळ्यांपुढे तापाने फणफणलेल्या मुलांना थंड पाण्यात बुडविणारे भोंदू होते, आणि १८९६ च्या खानेसुमारीत जेमतेम बेचाळीस हजारांवर येऊन ठेपलेली आपली जमात होती. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झालेला दीर्घ लढा ज्या महाराष्ट्राने पाहिला आहे, त्या महाराष्ट्रातील वाचकाला या सुधारकांची तळमळ समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि त्या कायद्यात एक मोठी उणीव होती, आणि ती अशी की, भोंदू कोण आणि जाणता कोण हे ठरविण्याचे साधन त्यात नव्हते. खटले फार झाले नाहीत; पण जाणत्यांची विद्या चोरून चालू लागली, शिष्यपरंपरा खुंटली, आणि जे उघड्यावर तपासले गेले असते ते अंधारात गेले. लोकांची गरज मात्र कायद्याने मिटली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत माओरींच्या मृत्यूंचे प्रमाण गोऱ्यांच्या कैकपट झाले, घरेच्या घरे ओस पडली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वांगानुईजवळच्या एका शेतकऱ्याला, ताहुपोतिकी विरेमू रातानाला, साक्षात्कार झाला. त्याने लोकांना जुन्या शापांची भीती टाकून एका देवावर विश्वास ठेवायला सांगितले. हजारो माणसे त्याच्या दाराशी तंबू ठोकून राहिली, आणि बरे वाटलेल्यांनी मागे टाकलेल्या कुबड्या, चष्मे आणि चाकाच्या खुर्च्या यांचा संग्रह त्याच्या गावी जपला गेला. एवढ्या मोठ्या शोकाला ज्या काळी सरकारी दवाखान्यात जागा नव्हती, त्या काळी ती त्या तंबूंनी दिली. १९०७ चा कायदा अखेर १९६२ मध्ये रद्द झाला, तोवर दोन पिढ्या निघून गेल्या होत्या.

दरम्यान इस्पितळांच्या भिंतींआड काय चालले होते, त्याची दोन चित्रे पुरेशी आहेत, आणि दोन्ही दक्षिण बेटावरच्या सीक्लिफ येथील आहेत. सरकत्या डोंगरउतारावर बांधलेली ही भव्य इमारत पूर्ण होते न होते तोच तिला तडे जाऊ लागले होते. पण खरा अनर्थ मुख्य इमारतीत नव्हे, तर एका दुमजली लाकडी विभागात ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री घडला. महायुद्धामुळे परिचारिकांची वाण होती. म्हणून रात्री त्या विभागात कोणी राहत नसे, तासातासाने येऊन पाहून जात. दारे कुलूपबंद, खिडक्यांच्या झडपाही कुलूपबंद. आग लागली तेव्हा आतल्या एकोणचाळीस स्त्रियांपैकी सदतीस मृत्युमुखी पडल्या. दुसरे चित्र एका तरुणीचे आहे. जेनेट फ्रेम हिला छिन्नमनस्कतेचा शिक्का मारून इस्पितळांत सुमारे आठ वर्षे काढावी लागली, दोनशेहून अधिक वेळा विजेचे झटके सोसावे लागले, आणि अखेर तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याचेही ठरले होते. इतक्यात १९५२ च्या अखेरीस तिच्या पहिल्या कथासंग्रहाला पारितोषिक मिळाल्याची बातमी अधीक्षकांच्या वाचनात आली आणि त्यांनी ती शस्त्रक्रिया रद्द केली. पुढे लंडनच्या तज्ज्ञांनी तिला तो रोग कधी नव्हताच असा निर्वाळा दिला. तिचा मेंदू बचावला तो तिने तोंडाने काही सांगितले म्हणून नव्हे, तर तिच्या लेखणीवर बाहेरच्या जगाने मोहोर उठवली म्हणून. ज्यांना पारितोषिके मिळाली नाहीत त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते.

येथेच एक इशारा देऊन ठेवणे आवश्यक आहे. सीक्लिफची कुलपे ही आधुनिक शास्त्राच्या नावाने घातलेली होती, म्हणून परंपरेची दारे नेहमी उघडीच असतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवासात, ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा खांबांना साखळदंडांनी जखडलेली अठ्ठावीस माणसे होरपळून मेली. एकीकडे डॉक्टरचे कुलूप आणि दुसरीकडे श्रद्धेचा साखळदंड; आतल्या माणसाच्या हाकेला किंमत नसणे हे दोन्हीकडे सारखेच होते.

महायुद्धानंतर माओरींचे जीवन मुळापासून हलले. १९४५ मध्ये त्यांच्यापैकी सुमारे सव्वीस टक्के लोक शहरांत राहत होते. १९८६ पर्यंत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या घरात गेले. कारखाने, गोद्या आणि कत्तलखाने यांतल्या मजुरीसाठी आलेल्या या कुटुंबांना एकमेकांच्या शेजारी वसू न देता गोऱ्यांच्या वस्तीत विखरून घरे द्यावीत, असे सरकारी धोरण होते; त्यामुळे माराए दूर राहिले, वडीलधारे गावी राहिले, शाळेत आपल्या भाषेची लाज शिकवली गेली, आणि पूर्वी ज्या इस्पितळांत माओरी क्वचित दिसत, त्याच इस्पितळांत त्यांची भरती भराभर वाढून सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत लोकसंख्येच्या मानाने गोऱ्यांपेक्षा अधिक झाली. त्यांच्यापैकी कित्येकांना पोलीस आणि न्यायालय यांच्या मार्गाने तेथे आणले जाई.

या काळात मार्टन गावाजवळच्या लेक ॲलिस इस्पितळात मुलांसाठी एक विभाग होता. तेथे विजेचे झटके आणि वेदनादायक इंजेक्शने ही उपचार म्हणून नव्हे, तर शिक्षा म्हणून दिली जात. मुलांनी घरी लिहिलेली पत्रे कर्मचारी आधी वाचून पाहत. पॅसिफिकमधल्या न्यूए बेटाहून आलेल्या कुटुंबातला तेरा वर्षांचा एक मुलगा तेथे होता. त्याने आजीला इंग्रजीत आपण मजेत आहोत असे लिहिले, कागदावर हसऱ्या चेहऱ्याचे चित्र काढले, आणि त्या चेहऱ्याच्या तोंडून निघालेल्या फुग्यात, पहाऱ्यावरच्या कोणालाही न कळणाऱ्या आपल्या न्यूए भाषेत, आपल्याला विजेचे झटके देतात आणि वेदना असह्य होतात हे लिहिले. वाचणाऱ्यांना ते मुलाच्या खेळातले चित्र वाटले आणि पत्र सुटले. आजीला ते कळले. वंशभेदाविरुद्ध झटणाऱ्या ऑकलंडच्या एका समितीने फिर्याद हाती घेतली, आणि १९७७ मध्ये सरकारला चौकशी नेमावी लागली. त्या चौकशीने न्याय दिला नाही, तो मिळायला आणखी पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. तरीही या इतिहासातल्या सर्व दस्तऐवजांत हा हसऱ्या चेहऱ्याचा कागद मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण भोगणाऱ्याची साक्ष आणि त्याच्या आईआजीची भाषा या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कुलुपातून वाट निघते, हे सूत्र त्या मुलाला पंडितांच्या आधी सापडले होते. १९८२ साली ऑकलंडच्या ओकली इस्पितळात विजेच्या झटक्यांच्या उपचारानंतर एका माओरी रुग्णाचा मृत्यू झाला आणि १९८३ च्या चौकशी अहवालाने तेथल्या कारभारावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा बदल टाळता येणार नाही हे सर्वांना कळून चुकले.

तो बदल ज्यांनी शब्दबद्ध केला ते मेसन ड्युरी हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि माओरी. १९५१ मध्ये स्थापन झालेला माओरी महिला कल्याण संघ आपल्या भगिनींच्या आरोग्याची पाहणी करू पाहत होता, आणि पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात १९८२ साली ड्युरी यांनी आरोग्याला सभागृहाची उपमा दिली: शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब या त्या घराच्या चार भिंती, आणि त्यांतली एक कलली तरी छप्पर धोक्यात. ‘ते फारे तापा फा’ या नावाने ती आज त्या देशाच्या शाळांतही शिकवली जाते. तिचे सामर्थ्य नावीन्यात नव्हते, ते व्यवहारात होते. इस्पितळाच्या दफ्तरात शरीर आणि मन यांचे रकाने होते. ड्युरी यांनी आणखी दोन रकाने मागितले. रुग्णाला पूर्वजांचे आवाज ऐकू येतात असे तो म्हणाला, तर तो आवाज कोणाचा, काय सांगतो आणि त्याच्या घरच्यांना त्याविषयी काय वाटते, हे विचारणे आता डॉक्टरचे कर्तव्य ठरत होते. त्याला भेटायला वीस माणसे आली तर ती गर्दी न समजता उपचाराचा भाग समजणे भाग होते.

मार्च १९८४ मध्ये ऑकलंडच्या होआनी वाइतिती माराएवर माओरी आरोग्याची परिषद भरली, आणि त्याच वर्षी वायकाटो प्रांतातील तोकानुई इस्पितळात, हेन्री बेनेट या माओरी मनोविकारतज्ज्ञाच्या प्रेरणेने, ‘फाइओरा’ नावाचा माओरी विभाग सुरू झाला. तेथे येणाऱ्याला प्रथम रुग्ण म्हणून नव्हे, तर पाहुणा म्हणून घेत. माराएवर जशी रीत असते, तसे स्वागताचे बोल, गीत, नाकाला नाक भिडवून श्वासाची देवघेव आणि मग सर्वांनी मिळून अन्न, हे झाल्यावाचून आजाराची गोष्ट निघत नसे; आणि ती निघे तेव्हा आधी विचारले जाई ते नाव नव्हे, तर तू कोणत्या डोंगराचा, कोणत्या नदीचा, कोणाच्या कुळातला हे. शहरात जन्मलेल्या कित्येक तरुणांना याचे उत्तर येत नसे, आणि ते शोधून देणे हाच उपचाराचा पहिला टप्पा ठरे. वडीलधारी माणसे पगारी कर्मचारी म्हणून नेमली गेली, हीही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ज्या विद्येवर बावीस वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याची बंदी होती, तिला आता सरकारी तिजोरीतून वेतन मिळू लागले.

याच सुमारास दुसरा प्रवाह स्वतंत्रपणे उगम पावत होता, आणि त्याचे मूळ माओरी नव्हते. मेरी ओहेगन ही गोरी तरुणी विद्यार्थिदशेत वारंवार मनोरुग्णालयात जाऊन आली होती. बाहेर पडल्यावर तिने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ऑकलंडमध्ये आपल्यासारख्यांची संघटना उभारली. १९९१ मध्ये ती अशा संघटनांच्या जागतिक जाळ्याची पहिली अध्यक्ष झाली. तिचे एक छोटे लेखन फार गाजले. इस्पितळात असताना ती रोजनिशी लिहीत असे. पुढे तिने आपली सरकारी फाईल मिळवली, आणि एकाच दिवसाची स्वतःची नोंद व डॉक्टर-परिचारिकांची नोंद शेजारी शेजारी मांडली. एका बाजूला काळोखात बुडणाऱ्या जिवाची धडपड आणि तिला अर्थ देण्याचा प्रयत्न. दुसऱ्या बाजूला रुग्ण बोलत नाही, रुग्ण सहकार्य करत नाही, औषध वाढवले, अशा कोरड्या ओळी. दोन्ही नोंदी प्रामाणिक होत्या, पण त्या दोहोंची गाठ कोठेच पडत नव्हती. हाच तो अनुपस्थित रकाना होता, आणि तो डॉक्टरांनी नव्हे, रुग्णाने भरला.

नव्वदीच्या दशकात हे दोन प्रवाह कायद्यात उतरू लागले. १९९२ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सक्तीच्या उपचारातही रुग्णाच्या सांस्कृतिक ओळखीचा आणि श्रद्धांचा यथोचित आदर राखण्याचे बंधन घातले. १९९६ मध्ये न्यायाधीश केन मेसन यांच्या चौकशीने सेवांची दैना चव्हाट्यावर मांडली आणि त्यातून मानसिक आरोग्य आयोग स्थापन झाला. १९९७ मध्ये मनोरुग्णांविषयीचा तिटकारा दूर करण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि ती चालविण्याच्या कामात ज्यांनी व्याधी भोगली त्यांनाही पुढे आणले गेले. मेरी ओहेगन २००० ते २००७ या काळात त्या आयोगाची सदस्य होती. ज्या व्यवस्थेने तिला वेडी ठरवले, त्याच व्यवस्थेच्या देखरेखीचा अधिकार तिला मिळाला, ही त्या देशाच्या प्रशासनाच्या इतिहासातली मोठी घटना होय. जुनी इस्पितळे एकामागून एक बंद झाली. तोकानुईचे दरवाजे १९९८ मध्ये कायमचे मिटले.

या दोन प्रवाहांचा संगम पाहायचा तर पोरिरुआला जावे. ज्या गावी १८८७ पासून शतकभर भले मोठे वेड्यांचे इस्पितळ होते, त्याच गावच्या ‘ते फारे मारिए’ या माओरी सेवेत विरेमू नियानिया हा तोहुंगा आणि ॲलिस्टर बुश हा गोरा मनोविकारतज्ज्ञ अनेक वर्षे एकाच खोलीत, एकाच कुटुंबासमोर बसत आले. मृत आप्त दिसतो असे सांगणाऱ्या मुलाला डॉक्टर झोप, भूक, औषध आणि धोका यांविषयी विचारतो. तोहुंगा त्या आप्ताविषयी विचारतो, त्याला निरोप द्यायचा राहून गेला आहे काय याचा शोध घेतो. आणि नंतर त्या दोघांच्या कामाची हकिगत जेव्हा पुस्तकरूपाने २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत डॉक्टर, तोहुंगा, रुग्ण आणि आप्त या सर्वांनी आपापले म्हणणे मांडले. त्याच वर्षी पूर्व किनाऱ्यावरच्या गिझबर्न येथे डायना कोपुआ या माओरी मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने ‘ते कूवातावाता’ ही सेवा उघडली. तेथे रोगाच्या नावापेक्षा देवकथेला आधी स्थान मिळाले: आकाश आणि पृथ्वी या मातापित्यांना मुलांनी विलग केले तेव्हा त्या विरहाने संतापलेला वाऱ्याचा देव ताफिरिमातेआ भावांवर कसा तुटून पडला, ही कथा कुटुंबासमोर सांगायची, आणि तीत आपण कोठे आहोत हे ज्याचे त्याला ओळखू द्यायचे. घर मोडल्यामुळे मारामारी करणाऱ्या मुलाला त्या देवात आपला क्रोध दिसतो, आणि तो क्रोध लाजिरवाणा न राहता कुलपरंपरेतला होतो.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. ऑकलंडच्या कॅरिंग्टन इस्पितळातील माओरी विभागात एका रुग्णाला मारहाण झाली आणि १९८९ मध्ये तेथल्या प्रमुखांसह काही जणांना शिक्षा झाली; माओरी नाव, माओरी कर्मचारी आणि माओरी रीत असूनही रुग्णाची तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा नसेल तर काय होते, याचा तो धडा होता. उलट बाजूने, रुग्णांच्या संघटना बहुतांशी गोऱ्यांच्या होत्या आणि त्यांची भाषा व्यक्तिस्वातंत्र्याची होती; माओरी रुग्णाला स्वातंत्र्य हवे होते ते आप्तांपासून नव्हे, तर आप्तांसह, हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात मनोविकार झालेल्यांचे प्रमाण एकंदर लोकसंख्येत २०.७ टक्के, तर माओरींत २९.५ टक्के आढळले. म्हणजे दुःखाचा भार हलका झालेला नव्हताच.

२०१८ मध्ये सरकारने मानसिक आरोग्यसेवांविषयी नेमलेल्या चौकशी मंडळाच्या सहा सदस्यांत वयोवृद्ध मेसन ड्युरी होते, आणि स्वतः मानसिक व्याधी भोगलेला एक माओरी सदस्यही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्या मंडळाकडे पाच हजारांहून अधिक निवेदने आली, आणि अहवालात त्यांतील लोकांच्याच शब्दांना मोठी जागा देण्यात आली. पुढल्या वर्षीच्या अर्थसंकल्पात या कामासाठी १.९ अब्ज डॉलर मंजूर झाले. २०२२ मध्ये स्वतंत्र माओरी आरोग्य प्राधिकरण अस्तित्वात आले, आणि सत्तापालट होताच दोन वर्षांत ते बरखास्तही झाले. त्याच २०२४ साली सरकारने लेक ॲलिसमधल्या प्रकाराला छळ असे अधिकृतपणे संबोधले, आणि १२ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी संसदेत जाहीर माफी मागितली. एकाच वर्षात एक संस्था मोडली आणि एक सत्य मान्य झाले. संस्था राजाज्ञेने येतात नि जातात, पण एकदा दप्तरी दाखल झालेली साक्ष कोणत्याही सत्तापालटाने पुसता येत नाही.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध केवळ समांतर दाखल्यांचा नाही. पुण्यात १९९९ मध्ये ‘बापू ट्रस्ट’ स्थापन करणाऱ्या भार्गवी दावर या त्याच जागतिक चळवळीतल्या होत्या. आईच्या आजारामुळे लहानपणीच वेड्यांच्या इस्पितळांचे दर्शन घडलेल्या या विदुषीने आपल्या संस्थेला आईचेच नाव दिले, पुण्याच्या वस्त्यांत शेजारपाजाऱ्यांच्या आधाराने काम उभे केले, आणि महाराष्ट्रातील दर्ग्यांत दुःखी माणसे काय शोधायला जातात याचा, हेटाळणी न करता, अभ्यास केला. २०२४ मध्ये त्या निवर्तल्या. साखळदंड घालणाऱ्या श्रद्धास्थानाला माफी नाही, पण सांत्वन देणाऱ्या श्रद्धास्थानाला तुच्छताही नाही, ही त्यांची भूमिका माओरींनी मोठी किंमत मोजून गाठलेल्या भूमिकेहून फार दूर नव्हती.

आपल्या देशात २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा, तसेच आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार तो देतो. आणि प्रत्येक राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर, मनोविकार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे प्रतिनिधित्व करणारे दोन सदस्य असलेच पाहिजेत, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील इस्पितळांचा कारभार ज्या राज्यात चालतो, तेथील नागरिकाने त्या दोन जागांवर कोण बसले आहे, बैठकीत त्यांना बोलू दिले जाते काय, आणि त्यांचे बोलणे इतिवृत्तात उतरते काय, एवढी चौकशी अवश्य करावी. इस्पितळाच्या नव्या इमारतीसाठी निधी मागण्यापूर्वी करावी.